ग्रीक-लॅटिनची वाचनयादी: हातात पडल्यापासून पेपरापर्यंत

अमेरिकेत क्लासिक्समध्ये, म्हणजे प्राचीन ग्रीक आणि लॅटिन साहित्यात, पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की थोड्याच दिवसांत दोन याद्या हातात पडतात. एक ग्रीकची, एक लॅटिनची. इलियडचे काही सर्ग, एस्किलसचं 'अगामेम्नॉन', थ्यूसिडिडीसचे दोन-तीन खंड, प्लेटोचं 'सिम्पोझियम'. दुसऱ्या यादीत प्लॉटसचं एखादं नाटक, कॅटलस, ल्युक्रेशियस, व्हर्जिलचं 'इनीड', लिव्ही, टॅसिटस. दीड-दोन वर्षांनी यातल्या कुठल्याही पानावरचा उतारा समोर येणार, आणि शब्दकोशाशिवाय त्याचं इंग्रजी भाषांतर करायचं. विभागागणिक तपशील बदलतात. कुठे पेपर तीन तासांचा, कुठे यादीतल्या उताऱ्यांबरोबर अनोळखी उताराही. जोडीला साहित्येतिहासाची लेखी किंवा तोंडी परीक्षा, आणि जर्मनसारख्या आधुनिक भाषांच्या वेगळ्या. हे सगळं पार पडल्याशिवाय प्रबंधाचं काम खऱ्या अर्थाने सुरू होत नाही.

मी ग्रीकच्या पेपरात पहिल्या वेळी नापास झाले. यादी पूर्ण वाचून झाली होती, तीही तीन आठवडे आधी. पेपरात 'अगामेम्नॉन'च्या पहिल्या समूहगीतातला तुकडा आला. उतारा ओळखला, त्यावर मी टिपणं काढली होती ते वहीचं पानसुद्धा डोळ्यांसमोर आलं, पण वाक्य काही लागेना. दुसऱ्या उताऱ्यात त्याहून वाईट झालं. त्याचं छापील भाषांतर मला आठवत होतं, म्हणून भराभर लिहीत गेले, आणि उतारा संपल्यावरही दोन ओळी पुढे लिहून बसले. त्या ओळी प्रश्नपत्रिकेत नव्हत्याच. मी मूळ वाचत नसून आठवण उतरवते आहे, हे परीक्षकांना समजायला तेवढं पुरेसं होतं.

ही सवय कुठून आली ते मला नेमकं ठाऊक आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांनी श्लोक आणि त्याचं भाषांतर शेजारी-शेजारी ठेवून पाठ केलेलं असतं. वीस सुभाषितांना ते चालून जातं. पंधरा हजार ओळींना चालत नाही. गंमत अशी की त्याच संस्कृतने मला व्याकरणात जो हात दिला, तो माझ्या बरोबरीच्या अमेरिकन विद्यार्थ्यांकडे नव्हता. म्हणून हा लेख मुख्यतः त्या मराठी विद्यार्थ्यांसाठी, ज्यांचं थोडं संस्कृत झालं आहे आणि जे आता ग्रीक-लॅटिनच्या वाटेवर आहेत. सगळ्या लेखाचं सार एकाच वाक्यात सांगायचं तर: पहिलं वाचन ही तयारीची तयारी असते, परीक्षा दुसऱ्या वाचनावर सुटते. वेळापत्रक आखायचं ते दुसऱ्या वाचनासाठी.

आधी चौकशी, मग मोजणी

पुस्तक उघडण्याआधी विभागाकडून जुन्या प्रश्नपत्रिका मागून घ्या. त्यात काय बघायचं? उतारा किती ओळींचा असतो, किती उताऱ्यांतून किती सोडवायचे, गद्य-पद्याचं प्रमाण काय, वृत्ताची मोजणी विचारतात का, उताऱ्यावर टीप लिहायची असते का. परीक्षा किती वेळा देता येते हेही विचारा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका, कारण दुसरी संधी आहे हे माहीत असलं की पहिल्या वेळी हात थरथरत नाही.

मग यादी ओळींत मोजा. 'इनीड' संपूर्ण असेल तर ९,८९६ ओळी. रोज ६० ओळी वाचल्या तर १६५ दिवस, रोज १०० वाचल्या तर ९९. युरिपिडीसची 'मेडीआ' १,४१९ ओळींची, रोज ५० प्रमाणे २९ दिवस. इलियड सगळं नेमलं असेल तर १५,६९३ ओळी, आणि ते एका सत्रात बसणार नाही हे पहिल्याच दिवशी मान्य करा. गद्यासाठी ऑक्सफर्डच्या आवृत्तीचं एक पान हे माप धरा. स्वतःचा वेग घड्याळ लावून एक आठवडाभर मोजा आणि त्याच्या पाऊणपट वेगावर वेळापत्रक आखा. शिकवण्याचे तास, तपासायचे पेपर, सर्दी-ताप, घरची लग्नं, या सगळ्यांना उरलेला पाव लागतो.

चोवीस महिने हातात असतील तर पहिलं वाचन चौदा महिन्यांत संपवा. पुढचे सात महिने दुसऱ्या वाचनाचे आणि शेवटचे तीन फक्त अवघड जागांचे. चौदा महिन्यांत यादी बसत नसेल तर काही ग्रंथांचं पहिलं वाचन लोब मालिकेतल्या आवृत्तीतून करा. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी. ग्रीकची हिरवी, लॅटिनची लाल. अनेक प्राध्यापक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. वर्षभर न उघडलेल्या 'हिस्टरीज'पेक्षा लोबमधून वाचलेला हिरोडोटस केव्हाही बरा. अट एकच: दुसऱ्या वाचनाला उजवं पान झाकलेलं हवं.

क्रम

यादी बहुधा कालक्रमाने छापलेली असते आणि आपण होमरपासून सुरुवात करतो. तसं करू नका. ग्रीकमध्ये आधी लिसिअसचं पहिलं भाषण घ्या. बायकोच्या प्रियकराला घरात पकडून मारणाऱ्या नवऱ्याचा हा कोर्टातला बचाव आहे. वाक्यं आखूड, ॲटिक बोली स्वच्छ, गोष्ट खिळवून ठेवणारी. मग प्लेटोचं 'अपॉलॉजी', आणि त्यानंतर होमर. होमरच्या पहिल्या पाचशे ओळी जीव काढतात, पण पुढे ठरावीक विशेषणं, ठरावीक अर्ध्या ओळी परत परत येतात आणि वेग आपोआप दुप्पट होतो. थ्यूसिडिडीस, पिंडर आणि एस्किलस शेवटी ठेवले तर थकलेल्या डोक्याने वाचले जातात, म्हणून ते मधोमध घ्या. मी 'अगामेम्नॉन' सर्वांत शेवटी ठेवलं होतं. परिणाम वर सांगितला आहे.

लॅटिनमध्ये सिसेरोचं कॅटिलिनाविरुद्धचं पहिलं भाषण आणि ओव्हिड यांनी सुरुवात केली तर गद्य-पद्य दोन्हीकडे हात बसतो. टॅसिटसच्या आधी सॅलस्ट आणि लिव्ही वाचलेले असावेत. सॅलस्ट मुद्दाम जुनी वर्णरचना वापरतो, 'लिबिदो'च्या जागी 'लुबिदो' लिहितो, आणि टॅसिटसचा तुटक बाज त्याच्याकडूनच आलेला आहे. सकाळी ग्रीक, संध्याकाळी लॅटिन अशी विभागणी मला मानवली. दोन्ही भाषा एकाच बैठकीत घेतल्या की प्रत्यय एकमेकांत मिसळतात.

रोजची बैठक

ही खरी कामाची जागा, म्हणून इथे थोडं थांबते.

पन्नास ओळींचा तुकडा घ्या. कोश बंद, टीका बंद, संगणकाचा पडदा बंद. तुकडा मोठ्याने वाचा. मोठ्याने, कारण डोळा अनोळखी शब्दावरून घसरतो, जीभ अडखळते. मग शाळेत अन्वय लावायचो तसा लावा: आधी क्रियापद, मग कर्ता, मग कर्म, मग उरलेले. पेन्सिलीने फक्त क्रियापदांखाली रेघा मारा. इतक्यात निम्मा अर्थ दिसायला लागतो. जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधा आणि तो अंदाज समासात लिहून ठेवा. अंदाज न बांधता कोशाकडे गेलं की शब्द मिळतो, पण वाक्य मनात घडत नाही.

दुसऱ्या फेरीत कोश आणि टीका. ग्रीकला लिडेल-स्कॉट-जोन्स, लॅटिनला ऑक्सफर्ड लॅटिन डिक्शनरी. पडद्यावर हवं असेल तर शिकागो विद्यापीठाचं लोजिऑन. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सिअसवर कुठल्याही शब्दावर टिचकी मारली की त्याचं मूळ रूप आणि विभक्ती समोर येते. ही सोय फार मोठी आणि तितकीच घातक. टिचकी मारण्याआधी रूप स्वतः ओळखायचं, मग टिचकी मारून पडताळायचं, असा नियम स्वतःला घाला. टीकेत केंब्रिजच्या हिरव्या-पिवळ्या मालिकेतली आवृत्ती असेल तर ती आधी घ्या. विद्यार्थ्याला नेमकं कुठे अडतं हे त्या टीकाकारांना माहीत असतं.

तिसरी फेरी त्याच दिवशी झोपण्यापूर्वी. तोच तुकडा, नुसतं मूळ, अजिबात न थांबता. दहा मिनिटं पुरतात. आणि चौथी दुसऱ्या दिवशी सकाळी, नवा तुकडा उघडण्याआधी. हे चार वेळा वाचणं वेळखाऊ दिसतं, पण दुसऱ्या वाचनाला हा तुकडा परत येतो तेव्हा पन्नास ओळींना वीस मिनिटं लागतात.

टिपणांबद्दल एक आग्रह: मूळ संहितेत ओळींच्या मध्ये अर्थ लिहू नका. एकदा लिहिला की डोळा कायम त्या अर्थावर जातो आणि शब्द पुन्हा कधीच वाचला जात नाही. एक कोरी प्रत ठेवा, टिपणं वेगळ्या वहीत ओळीच्या आकड्यासह. ज्या ओळी तिसऱ्या फेरीतही अडल्या त्यांच्यापुढे लाल ठिपका. परीक्षेआधीचे शेवटचे तीन महिने या लाल ठिपक्यांचे.

वाचून झालेल्या तुकड्याचं तोंडी सार मराठीत सांगायची मी सवय लावली. भाषांतर मराठीत करायचं नाही, कारण पेपरात ग्रीकमधून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत असा वळसा परवडत नाही. पण इथे कोण बोलतंय, कोणाला, का चिडलंय, हे मराठीत मोठ्याने सांगता आलं तर तुकडा समजला. नाही सांगता आलं तर नुसते शब्द समजले.

संस्कृत कुठे तारतं, कुठे बुडवतं

ॲओरिस्ट, ऑप्टेटिव्ह, मिडल व्हॉइस ही ग्रीक क्रियारूपांची नावं ऐकून अमेरिकन विद्यार्थी धास्तावतात. आपल्याला ऑप्टेटिव्ह म्हटलं की विधिलिङ् आठवतो, मिडल म्हटलं की आत्मनेपद. ग्रीकमध्ये 'मी आहे' आणि 'मी जाईन' ही दोन क्रियापदं लिहायला अगदी सारखी, फरक फक्त आघाताचा. पहिलं म्हणजे आपलं 'अस्मि', दुसरं 'एमि', असं एकदा मनात बसलं की गोंधळ होत नाही. लॅटिनचा ॲब्लेटिव्ह ॲब्सोल्यूट आणि ग्रीकचा जेनिटिव्ह ॲब्सोल्यूट म्हणजे सरळ सति सप्तमी. 'रामे वनं गते' समजलं असेल तर 'उर्बे काप्ता', नगर घेतलं असता, यासाठी वेगळा धडा नको. विभक्ती मात्र निराळी: लॅटिनमध्ये पंचमीचं नाव, ग्रीकमध्ये षष्ठीचं.

द्विवचनाचं तर सांगायलाच हवं. इलियडच्या नवव्या सर्गात अकिलीसची समजूत काढायला फिनिक्स, एजॅक्स आणि ओडिसिअस असे तिघे जातात, दूत वेगळेच, आणि तरी १८२व्या ओळीपासून क्रियापदं द्विवचनी. का, यावर विद्वानांनी ढीगभर लिहिलं आहे. द्विवचन शिकून आलेल्या माणसाला ते ताबडतोब खटकतं, बाकीच्यांना शिक्षकांनी दाखवावं लागतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास डोकावतो. त्याच सर्गात ४१३व्या ओळीत अकिलीस 'क्लेओस आफ्थितॉन', अक्षय कीर्ती, असं म्हणतो. ऋग्वेदात (१.९.७) 'श्रवः' आणि 'अक्षितम्' एकत्र येतात, आणि दोन्ही जोड्या शब्दागणिक सख्ख्या बहिणी आहेत हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबेर्ट कून याने १८५३ मध्ये दाखवलं. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

आता बुडवणारी बाजू. संस्कृतमध्ये कोणाचं बोलणं सांगायचं तर 'इति' लावला की झालं, मराठीत 'असं' किंवा 'की'. लॅटिनमध्ये सांगितलेल्या वाक्याचा कर्ता द्वितीयेत जातो, क्रियापद तुमन्तासारखं होतं, आणि लिव्ही-सीझर-टॅसिटस अशी अख्खी भाषणं लिहितात. वाक्यामागून वाक्यं जातात, 'तो म्हणाला' पुन्हा कुठे नसतंच. माझे लॅटिनमधले सर्वांत जास्त गुण इथे गेले. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: सीझरच्या 'गॅलिक वॉर'च्या पहिल्या खंडातली अशी भाषणं घ्या आणि वहीत प्रत्यक्ष बोलण्याच्या रूपात परत लॅटिनमध्येच लिहा. सहा-सात भाषणं अशी उलटवली की पुढे वाचताना कान आपोआप टवकारतो.

लहान निपातांच्या बाबतीत मात्र मराठी इंग्रजीपेक्षा पुढे आहे. ग्रीक वाक्यात 'गे', 'दे', 'गार', 'दी', 'ऊन' असे चिमुकले शब्द पेरलेले असतात. इंग्रजीत त्यांना जागा नाही, म्हणून ते भाषांतरात गळतात आणि गुण जातात. 'तू तरी ये' आणि 'तूच ये' यातला फरक ज्याला जन्मापासून कळतो, त्याने 'गे' दिसला की तो सूर इंग्रजीत आणण्याची वाट शोधलीच पाहिजे.

शब्द, बोली, रूपं

शब्दसंग्रहासाठी डिकिन्सन कॉलेजच्या पायाभूत याद्यांनी सुरुवात करा. ग्रीकचे सुमारे ५०० आणि लॅटिनचे सुमारे १,००० शब्द असे आहेत की साध्या मजकुराचा बराच मोठा भाग त्यांनीच भरलेला असतो. ते शब्द पहिल्या दोन महिन्यांत पक्के करा. त्यापुढे सुट्या शब्दांच्या चिठ्ठ्या बनवू नका. शब्द नेहमी ज्या ओळीत भेटला त्या ओळीसकट लिहा.

ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष असू द्या. 'दिन' आणि 'दीन' यांत आपण गोंधळत नाही, मग 'ऑक्किदित' (पडतो) आणि 'ऑक्कीदित' (मारतो) यांत का गोंधळावं? छापील पानावर मात्रेची खूण नसते, म्हणून संदर्भ किंवा वृत्त यांवरून ठरवावं लागतं. तसंच 'फुएरुंत' हे 'फुएरे' असंही लिहितात, आणि ते तुमन्त वाटून वाक्य भलतीकडे जातं. इतिहासकारांमध्ये आणि कवींमध्ये हे पावलोपावली भेटतं.

बोलींची एक पानभर तालिका स्वतः करा. हिरोडोटसच्या आयोनिकमध्ये 'पोस'च्या जागी 'कोस' येतो. शोकांतिकेच्या समूहगीतांत डोरिक छटा असते, तिथे 'मेतेर'चं 'मातेर' होतं, आणि आपल्या कानाला तर ते जास्तच ओळखीचं. सॅफोची इओलिक बोली निराळीच. तालिका एका पानाहून मोठी झाली तर कोणी बघत नाही.

वृत्त

इथे मराठी विद्यार्थ्याने पैकीच्या पैकी गुण घ्यायला हवेत. डॅक्टिल म्हणजे भ गण: गुरु, लघु, लघु. ॲनापेस्ट म्हणजे स गण. 'यमाताराजभानसलगा' येत असेल तर निम्मं काम शाळेतच झालेलं आहे. होमर आणि व्हर्जिल यांची षट्पदी ओळ म्हणजे सहा पदं. पहिल्या चार पदांत भ गण किंवा दोन गुरु, पाचव्यात बहुतेक भ गणच, सहावं दोन अक्षरी. 'आर्म विरुम्क्वे कनो, त्रोये क्वी प्रीमुस अब ओरीस' ही 'इनीड'ची पहिली ओळ मोजून बघा: भ, भ, गुरु-गुरु, गुरु-गुरु, भ, गुरु-गुरु.

फसण्याच्या जागा तीन. संस्कृतमध्ये जोडाक्षराआधीचं अक्षर गुरु होतं. लॅटिनमध्ये जोडाक्षरात दुसरा वर्ण र किंवा ल असेल, जसं 'पत्रिस'मध्ये, तर आधीचं अक्षर कवीच्या मर्जीनुसार लघुही राहतं. दुसरी: पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर गिळला जातो, आणि लॅटिनमध्ये शेवटी 'म' असला तरी तोही स्वरासकट जातो. तिसरी होमरची: शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर आणि पुढे स्वर आला तर तो दीर्घ बहुधा आखडून लघु होतो. रोज पाच ओळी मोजा आणि मोजलेल्या ओळी तालावर म्हणा. महिनाभरात पेन्सिल लागेनाशी होते.

साहित्येतिहास: धागे धरून

या परीक्षेसाठी लोक जाडजूड इतिहासग्रंथ पहिल्या पानापासून वाचत बसतात. त्यापेक्षा आधी दहा-बारा सालांचा सांगाडा उभा करा: लिव्हिअस ॲन्ड्रोनिकसचा रोममधला पहिला नाट्यप्रयोग इ.स.पू. २४०, एस्किलसचं 'पर्शियन्स' ४७२, 'ओरेस्टेइआ' ४५८, 'मेडीआ' आणि पेलोपोनेशियन युद्धाचा आरंभ ४३१, ॲरिस्टोफेनिसचं 'फ्रॉग्ज' ४०५, सिसेरोची हत्या ४३, ॲक्टिअमची लढाई ३१, व्हर्जिलचा मृत्यू १९, ओव्हिडची हद्दपारी इ.स. ८, सेनेका आणि ल्यूकन यांचा अंत ६५. बाकीची नावं या खुंट्यांवर टांगता येतात.

मग धागे. मला सर्वांत उपयोगी पडलेला एक सांगते. 'मेडीआ'च्या पहिल्याच वाक्यात दाई म्हणते, आर्गो जहाज इकडे कधी आलंच नसतं तर. रोमन कवी एन्निअसने ते नाटक लॅटिनमध्ये आणलं आणि सुरुवात त्याच हळहळीने केली, फक्त जहाजाआधी पेलिऑन डोंगरावरचं तोडलेलं लाकूड घातलं. कॅटलसचं ६४वं काव्य, ४०८ ओळींचं, त्याच पेलिऑनच्या झाडांनी सुरू होतं. त्यात पुढे टाकून दिलेली आरिआड्ने (१७१-१७२) म्हणते, अथेन्सची गलबतं क्रीटच्या किनाऱ्याला कधी लागलीच नसती तर. आणि 'इनीड'च्या चौथ्या सर्गात (६५७-६५८) कार्थेजची राणी डिडो मरताना तेच म्हणते: मी सुखी, फारच सुखी झाले असते, ट्रॉयची जहाजं माझ्या किनाऱ्याला शिवली नसती तर. कॅटलसचं क्रियापद 'तेतिगिस्सेंत', शिवली असती, व्हर्जिलने जसंच्या तसं ठेवलं आहे. मधे अलेक्झांड्रियन कवी अपोलोनिअसच्या 'आर्गोनॉटिका'चा तिसरा सर्ग वाचा. प्रेमात पडलेल्या मेडीआची रात्रभरची तगमग तिथे आहे, आणि डिडोच्या रात्रीमागे तीच आहे.

हे पाच ग्रंथ लागोपाठ एका महिन्यात वाचले तर ग्रीक शोकांतिका, अलेक्झांड्रियाचं काव्य, रोमन अनुवाद, नव्या धाटणीचे रोमन कवी आणि ऑगस्टसच्या काळातलं महाकाव्य असा सगळा प्रवास एकाच हळहळीच्या आधाराने सांगता येतो. निबंधाचा प्रश्न कुठलाही येवो, हातात ओळी असतात. असे पाच-सहा धागे स्वतः विणा: पाताळाची यात्रा, ढालीचं वर्णन, कवीने 'मोठं महाकाव्य लिहिणार नाही' असं सांगणं (कॅलिमॅकसपासून हॉरेसपर्यंत), इतिहासकाराची प्रस्तावना. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र यादीत असेल तर विंदा करंदीकरांचं त्यावरचं मराठी काम आधी वाचा, मग मूळ. पायाभूत कल्पना मातृभाषेत एकदा स्पष्ट झाल्या की ॲरिस्टॉटलचं कोरडं, तुटक ग्रीक सुसह्य होतं.

अनोळखी उतारा आणि आधुनिक भाषा

अनोळखी उताऱ्यासाठी वेगळा अभ्यासक्रम नसतो, रोजची वीस मिनिटं असतात. यादीबाहेरचा लेखक घ्या: झेनोफॉन, ल्युशन, प्लुटार्क, लॅटिनला नेपोस, धाकटा प्लिनी, लिव्हीचा न नेमलेला खंड. बारा ओळी, घड्याळ, कोश नाही. आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या. आम्ही चौघे दर शुक्रवारी एकमेकांना उतारे द्यायचो. सोबत्याची चूक तपासताना आपली जितकी समजते तितकी एकट्याने कधी समजत नाही.

जर्मनची परीक्षा पहिल्या उन्हाळ्यात उरकून टाका. तिथे बहुधा शब्दकोश मिळतो. मागे ठेवलीत तर ती नेमकी ग्रीकच्या महिन्यात येऊन उभी राहते.

पेपर

आदल्या दिवशी नवीन काही वाचू नका. लाल ठिपक्यांची वही संध्याकाळपर्यंत, मग बंद. मी प्रायमचं याचनेचं दृश्य, इलियडचा चोविसावा सर्ग, मोठ्याने वाचलं. परीक्षेत येईल म्हणून नाही, कानात ग्रीक राहावं म्हणून.

पेपर हातात आला की सगळे उतारे एकदा वाचा आणि सर्वांत सोपा आधी घ्या. वेळ उताऱ्यांत वाटून प्रत्येकाची संपण्याची वेळ कागदाच्या कोपऱ्यात लिहा. ती वेळ झाली की पुढे जा, वाक्य अर्धं असलं तरी. भाषांतर सुंदर नको, रचना दाखवणारं हवं: कृदन्त कशाला जोडलंय, अट कुठल्या प्रकारची आहे, काळ कोणता, हे इंग्रजी वाक्यातून दिसलं पाहिजे. एका शब्दाला दोन पर्याय तिरकी रेघ मारून लिहू नका, एक निवडा. शब्द आठवत नसेल तर जागा मोकळी सोडू नका. त्याची विभक्ती ओळखून संदर्भातून जो अर्थ निघेल तो लिहा, कारण रचना बरोबर असेल तर एका चुकलेल्या शब्दाचं नुकसान थोडं असतं. इंग्रजीतली 'द' आणि 'अ' ही उपपदं मराठी हातून गळतात. ग्रीकमध्ये उपपद प्रत्यक्ष लिहिलेलं असतं, तिथे ते गळलं तर परीक्षकाला वाचलंच नाही असं वाटतं.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. त्यात भाषांतर परत वाचू नका. मूळ उताऱ्यावर बोट ठेवून शब्दामागून शब्द जा आणि प्रत्येक शब्द आपल्या कागदावर सापडतो का ते बघा. दुसऱ्या वेळी याच दहा मिनिटांत मला गाळलेले तीन 'गार', एक 'गे' आणि थ्यूसिडिडीसमधली अख्खी एक उपवाक्याची ओळ सापडली. ती ओळ समासात लिहून बाण काढला, आणि तेवढ्यात वेळ संपल्याची सूचना झाली.